एकट्या कारागिराचं विनाकाट्याचं घड्याळ घ्यावं का? बेळगावातनं जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न खानापूरच्या भावाचा आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात परत सांगतो. हे रोज खानापूरहून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ये-जा करतात, मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहेत, हळूहळू साडेतीन लाख बाजूला टाकलेत आणि त्यात युरोपातल्या एका स्वतंत्र घड्याळकाराचं, म्हणजे वर्षाला मोजकीच घड्याळं करणाऱ्या एकट्या माणसाचं, जंपिंग अवर घड्याळ घ्यायचं मनात आहे. त्याला तासकाटा नाही, खिडकीत तासाचा आकडा दिसतोय आणि साठ मिनिटं झाली की टक करून पुढचा येतोय, मिनिटं खालच्या चकतीवर. विचारलंय तीन गोष्टी: पैसे पाण्यात जाणार नाहीत ना, बेळगावात ह्याची रिपेरी होतेय का, आणि काही मोडलं तर आमच्याच शॉपमध्ये पार्ट काढून घेता येईल का. मला काका म्हणालात, चालतंय, वय झालंयच. घड्याळाच्या बाकावर बसूनच आयुष्य गेलंय, तेव्हा जे हातानं बघितलंय त्यावरनं सांगतो.

पहिलं म्हणजे घड्याळ चांगलं का वाईट ह्यात मी पडतच नाही. ते चांगलंच असणार, एवढं मन लावून करणारा माणूस भंगार माल सहसा काढत नाही. खरी अडचण पाच-सात वर्षांनी येतेय, तेल सुकल्यावर. त्या दिवशी ते उघडणार कोण, उघडणाऱ्याकडं त्याचं ड्रॉइंग आहे का, आणि तुटलेला पार्ट कुठनं येणार? तुमचे तिन्ही प्रश्न फिरून फिरून इथंच येतात.

आता हे बघा, एचएमटी कंपनीचं जनता मॉडेल. कंपनी बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ मध्ये घेतला, तरी आज कोणी जनता किंवा जवान घेऊन आला तर मी बिनधास्त घेतो. इथं छावणी असल्यानं रिटायर्ड फौजी लोकांच्या घरात ही घड्याळं अजून निघतात आणि बहुतेक चालू होऊन जातात. कशामुळं? तर त्याची भावंडं लाखोंनी आहेत. एकाचा बॅलन्स (आतलं झोके घेणारं चाक) गेला तर दुसऱ्या मेलेल्या घड्याळातला बसतोय. सुट्टा पार्ट कारखान्यातनं यावाच लागतो असं नाही, गर्दीतनं पण येतोय. एकट्या कारागिराच्या घड्याळाला ही गर्दीच नसते. फिलिप ड्यूफोर ह्या स्विस कारागिराचं सिम्प्लिसिटी म्हणजे ह्या धंद्यातलं दैवत, २००० सालचं, ते सगळी मिळून दोनेकशेच झाली. त्यातलं कोण मोडून पार्ट काढणार?

म्हणून माझी नजर डायलवर नंतर जाते, आधी डायलच्या खाली मशीन, म्हणजे घड्याळ चालवणारी आतली यंत्रणा, कुणाचं आहे ते बघतो. विचित्र घड्याळं मी मनात तीन थरात टाकतो. ही काही पुस्तकातली विभागणी नाही, माझ्या सोयीची आहे.

पहिल्या थरात नुसतं तोंड वेगळं, आत सगळं ओळखीचं. एका काट्याची घड्याळं घ्या, जर्मनीचं माइस्टरझिंगर २००१ पासून हीच करतंय. बारा तासाला प्रत्येकी बारा रेघा, म्हणजे १४४ रेघा, एक रेघ म्हणजे पाच मिनिटं, मिनिटकाटाच नाही. किंवा रशियाच्या कॉन्स्टँटिन चायकिनचं जोकर, २०१७ सालचं: एका डोळ्यात तास, दुसऱ्यात मिनिटं, आणि तोंडात चंद्राची कला, त्यामुळं रोज चेहरा वेगळा. बघितल्यावर चेष्टा वाटते, पण खाली मशीन आहे ईटीए २८२४-२, जे जगातल्या कुठल्याही बऱ्या मेकॅनिकनं शंभरदा उघडलेलं असतंय. लुडविग एक्स्लिन म्हणून एक स्विस गृहस्थ आहेत, त्यांच्या ओक्स उंड युनियरच्या घड्याळात तारीख आकड्यात नसून भोकातनं दिसणाऱ्या ठिपक्यावरनं वाचायची, आणि तिथंही खाली हेच २८२४. त्यांचा सगळा हट्ट पार्ट कमी करण्याचा. मला असला माणूस लगेच आवडतोय, कारण जो पार्ट नाहीच तो तुटत पण नाही.

दुसऱ्या थरात खाली ओळखीचं मशीन आणि त्याच्यावर कारागिरानं स्वतः केलेली एक प्लेट, मॉड्यूल म्हणतात. तुमचं जंपिंग अवर बहुतेक ह्याच थरातलं असणार, त्याच्यावर पुढं सविस्तर बोलतो. फिरत्या तासांची घड्याळं पण कल्पनेनं ह्याच्या शेजारचीच, म्हणजे तासाचा आकडाच मिनिटांच्या कमानीवरनं सरकत जातो आणि टोकाला पोचला की पुढचा आकडा सुरवातीला हजर. उरवेर्क ह्या स्विस कंपनीनं हे परत चलनात आणलं, फेलिक्स बाउमगार्टनर आणि मार्टिन फ्राय ह्यांनी १९९७ मध्ये सुरू केलेलं, पण कल्पना सतराव्या शतकातली, पोप अलेक्झांडर सातवे ह्यांना रात्री झोप येत नव्हती म्हणून रोममधल्या कंपानी बंधूंनी अंधारात दिसणारं, आवाज न करणारं घड्याळ केलं होतं तिथनं आलेली. तर नवल वाटून घेऊ नका, ह्या धंद्यात नवीन दिसणारं बरंच काही जुनंच असतंय.

तिसऱ्या थरात मशीनच वेगळं. एफ. पी. जूर्नचं २००० सालचं रेझोनान्स, दोन बॅलन्स शेजारी शेजारी ठेवून एकमेकांच्या तालावर चालणारे. किंवा युलिस नार्डिनचं २००१ चं फ्रीक, एक्स्लिननंच आकाराला आणलेलं, चावी नाही, काटे नाहीत, मशीन स्वतःच गोल फिरून वेळ दाखवतंय. असलं घड्याळ कोणी माझ्याकडं आणलं तर मी हात जोडून परत देईन आणि जिथं झालं तिथंच पाठवा म्हणेन. बेळगावात काय, पुण्या-मुंबईत पण मी कुणाला उघडू देणार नाही. साडेतीन लाखात तुम्हाला ह्या थरातलं मिळणारही नाही म्हणा, तो प्रश्न आपोआप मिटला.

आता जंपिंग अवर. ह्याच्यात काय होतंय ते समजून घ्या, कारण तुम्ही मशीनवाले आहात, तुम्हाला लगेच कळेल. तासाच्या चकतीखाली बारा दातांचं स्टार व्हील असतं आणि एक बारीक जंपर स्प्रिंग त्याला दोन दातांच्या मधे दाबून धरते, म्हणून आकडा खिडकीत बरोबर मधोमध थांबतो. मिनिटाच्या चाकावर गोगलगायीच्या आकाराचा कॅम, त्याच्यावर एक लिव्हर हळूहळू वर चढत जाते, स्प्रिंग ताणत जाते, आणि साठाव्या मिनिटाला कॅमच्या कड्यावरनं खाली पडते की एक दात पुढं. चोर्ला घाट चढणारी भरलेली एसटी जशी माथ्यापर्यंत कण्हत जाते आणि माथा ओलांडला की मोकळी सुटते, तसाच प्रकार. तर तो चढ चढायची ताकद येते कुठनं? त्याच एका मेनस्प्रिंगमधनं, म्हणजे चावी दिल्यावर ताणल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगमधनं, जिच्यावर बॅलन्सचा पण संसार चाललेला असतो.

म्हणून टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल आणि झोका मोजायच्या यंत्रावर, असलं घड्याळ ठेवलं की मी एकदाच बघून सोडत नाही. तास उलटून गेल्यावर पाच मिनिटांनी एकदा, आणि तास व्हायच्या आधी पाच मिनिटं परत. नुसतं मशीन चांगलं असेल तर पूर्ण चावीवर बॅलन्सचा झोका २७० ते ३०० डिग्रीच्या आसपास मिळतोय, जंपच्या आधी तो वीस-तीसनं खाली आला तर मी काही बोलत नाही. पण चावी उतरत आल्यावर, म्हणजे दिवसभर वापरून झाल्यावर रात्री तपासलं आणि झोका दोनशेच्या खाली गेला, तर मग ते घड्याळ एक दिवस अठ्ठावन्नाव्या मिनिटाला बंद पडणार हे ठरलेलं. गिऱ्हाईक येऊन सांगतं, काका तास वाजायच्या आतच थांबतंय, बाकी दिवसभर ठीक, तेव्हा मशीनला दोष द्यायच्या आधी मी वरची प्लेट बघतो, बहुतेक वेळा जंपरच्या टोकाचं तेल वाळलेलं असतं. आणि बारा वाजता तारीखपण बदलत असेल तर दोन्ही ओझी एकदम. हा त्रास नवीन नाही, योसेफ पालवेबरनं १८८३ मध्ये खिशातल्या घड्याळासाठी उड्या मारणाऱ्या आकड्यांचं पेटंट घेतलं तेव्हापासून सगळे ह्याच चढाशी भांडतायत. कोणी चकती हलकी करतंय, कोणी मधे वेगळी छोटी स्प्रिंग बसवतंय, कोणी युनिटास ६४९७ सारखं मोठ्या स्प्रिंगचं मशीन घेतंय, जे मुळात खिशातल्या घड्याळाचं आहे आणि ताकदीला कमी पडत नाही.

ह्यातनं तुम्हाला त्या कारागिराला विचारायचा पहिला प्रश्न मिळतो: पूर्ण चावीवर आणि चोवीस तासांनी, जंपच्या आधी आणि नंतर, झोका किती येतो. चांगला माणूस आकडे आणि लिफ्ट अँगल दोन्ही सांगेल (२८२४ चा ५० डिग्री, ओमेगाच्या २५०० को-ॲक्सियलचा ३८, प्रत्येक मशीनचा हा कोन ठरलेला असतो, टाइमग्राफरमध्ये तो चुकीचा टाकला की झोका भलताच दिसतो). जो नुसतं "एकदम मस्त चालतंय" म्हणेल त्याच्यापासून जरा लांब. दुसरा प्रश्न, वेळ मागं फिरवता येते का. कॅमला कडा आहे ना, त्या कड्यावरनं लिव्हर उलटी नेली की काही डिझाइनमध्ये ती अडकते नाहीतर मोडते. काही जण तिथं सोय करतात, काही जण कागदात लिहून देतात की पुढंच फिरवा. लिहिलेलं असलं तरी घरातलं पोर घड्याळ हातात आलं की आधी चावी उलटीच फिरवतंय, हे लक्षात ठेवा.

रिपेरीचं बोलतो. खाली २८२४, जपानचं मियोटा ९०१५ किंवा ६४९७ असेल तर मशीनची सर्व्हिस बेळगावात होते. आमच्याकडं होते, गावात अजूनही बाकावर बसणारे जुने हात आहेत, आणि नाहीतर बेंगळूरु रात्रीच्या बसनं जवळच आहे. अडतंय वरच्या प्लेटवर. तिथं कुठल्या टोकाला कुठलं तेल, कुठं अजिबात नाही, स्क्रू किती आवळायचा, हे त्या माणसाच्या डोक्यात असतंय. ते त्यानं कागदावर दिलं तर माझ्यासारखा माणूस करू शकतोय. नाही दिलं तर मी वरची प्लेट अख्खी काढून बाजूला ठेवेन, खालचं मशीन धुवून तेल घालून देईन आणि प्लेट तशीच परत बसवेन. ह्याला अर्धी सर्व्हिस म्हणायची, पण चुकीच्या हातानं पूर्ण करण्यापेक्षा बरी.

आणि तो माणूसच उद्या नसला तर? एकट्याचा कारखाना म्हणजे हे विचारणं भागच आहे, त्यात अपमान काही नाही. इंग्लंडचे स्वतंत्र घड्याळकार जॉर्ज डॅनियल्स २०११ मध्ये गेले पण त्यांच्याबरोबर काम केलेले रॉजर स्मिथ आइल ऑफ मॅनवर तीच पद्धत पुढं चालवतायत, म्हणून डॅनियल्सचं घड्याळ अनाथ झालं नाही. तुमच्या माणसाकडं कोणी शिकायला आहे का, १९८५ मध्ये स्वेंड अँडरसन आणि विन्सेंट कलाब्रेझे ह्यांनी स्वतंत्र घड्याळकारांची जी संस्था काढली तिच्यात आहे का, असलं काहीतरी बघा. संस्थेत आहे म्हणून पार्ट मिळतील असं नव्हे, पण त्याच्या कामाची ओळख असलेली चार माणसं तरी असतात.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. उद्यमबागेत पार्ट काढता येईल का? काही येतील, काही नाही, आणि नाही ते टॉलरन्समुळं नाही. मायक्रॉनमध्ये तुम्ही रोजच खेळता. अडचण आकाराची आहे. बॅलन्स स्टाफचं, म्हणजे बॅलन्सच्या आसाचं, टोक मिलिमीटरचा साधारण दहावा भाग असतंय, टूल टेकला की जॉब वाकतोय, आणि वळून झाल्यावर ते कडक स्टीलचं टोक घासून आरशासारखं करावं लागतंय, नाहीतर ते ज्यात फिरतं तो ज्वेल, म्हणजे खडा, खाऊन टाकेल. त्याला घड्याळाचं लेथच पाहिजे आणि हात पाहिजे. पण जंपर स्प्रिंग, लिव्हर, असले चपटे पार्ट? ते वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी, बारीक तारेनं धातू कापणाऱ्या मशीनवर) निघतात! कडक स्प्रिंग स्टीलची पातळ पट्टी, बारीक तार, सावकाश पास. फक्त एक लक्षात घ्या, वायरकटनं कापलेल्या कडेला जळका थर राहतोय, तो दगडावर घासून काढला नाही तर स्प्रिंग तिथनंच तडकते आणि घर्षण पण वाढतंय. कड साफ करून टोक पॉलिश करून द्यायचं काम माझं. पण त्यासाठी एकतर ड्रॉइंग पाहिजे नाहीतर न मोडलेला नमुना. मोडलेल्या स्प्रिंगवरनं तिचा मूळचा ताण कळत नाही, तुकडे जोडून आकार मिळेल, ताण मिळणार नाही.

म्हणून माझा सगळ्यात कामाचा सल्ला हाच: घड्याळ ऑर्डर करतानाच जंपर स्प्रिंग दोन, लिव्हर एक, काच एक, गास्केटचा सेट, एवढं बरोबरच मागून घ्या आणि पैसे मोजून घ्या. आज तो माणूस हौसेनं देईल, दहा वर्षांनी त्याच्याकडं पण शिल्लक नसेल. ते पाकीट घड्याळाच्या डब्यातच ठेवा.

पैशाचं. साडेतीन लाख ही घड्याळाची किंमत धरलीय का सगळा खर्च? कारण २०२५ अखेरीस बेसिक ड्युटी २० टक्के, त्यावर सरचार्ज, आणि ह्या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी, असा हिशोब लावला तर शंभराचा माल १४४ च्या आसपास घरात येत होता. त्या दरानं खिशात साडेतीन असतील तर घड्याळ वाहतूक-विम्यासकट दोन लाख चाळीस-बेचाळीस हजारांपर्यंतचंच बघा. स्विस असेल तर ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या भारत-ईएफटीए (स्वित्झर्लंड धरून चार युरोपीय देशांचा गट) व्यापार करारात ड्युटी टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे, पण त्यासाठी माल तिथलाच आहे असा कागद पाठवणाऱ्यानं द्यायला लागतोय, आणि एकट्या कारागिराला बऱ्याचदा ते माहीतच नसतंय, तुम्हीच आठवण करा. पुढं सर्व्हिसला परत पाठवायची वेळ आली तर नुसतं कुरियर करू नका, रिपेरीसाठी बाहेर चाललंय अशी नोंद कस्टमला करूनच पाठवा, नाहीतर परत येताना पूर्ण किमतीवर ड्युटी मागतील आणि तुम्ही भांडत बसाल.

सेकंडहँड घ्यायचा मोह झाला तर सावध. ऑनलाइन "व्हिंटेज जंपिंग अवर" म्हणून जी पाच-दहा हजाराला दिसतात ती बरीचशी सत्तरच्या दशकातली चकतीवाली, आत बीएफजी ह्या स्विस कंपनीचं पिन पॅलेट मशीन, म्हणजे चाकाला थांबवत-सोडत जाणाऱ्या पॅलेटवर ज्वेलच्या जागी लोखंडी पिना. वाईट नाहीत, पण एकदा झिजली की झिजली. वरनं डायल परत रंगवून चकाचक केलेली असतात, बाहेरदेशचे शौकीन त्याला "मुंबई स्पेशल" म्हणून ओळखतात, आपल्यासाठी ही काही भूषणाची गोष्ट नाही. तरी त्यातलं एखादं बरं, न रंगवलेलं घेऊन तुम्ही सहा महिने वापरून बघा असं मी म्हणेन. काटे नसलेलं घड्याळ रोज वाचायला सगळ्यांनाच जमतंय असं नाही. काट्यावर नजर टाकली की अजून किती वेळ आहे ते न वाचता कळतं, आकड्यात ते मनात वजाबाकी करून काढावं लागतंय. काही गिऱ्हाइकं ह्याच कारणानं कंटाळून घड्याळ कपाटात टाकतात.

तुमच्या कामाची जागा ही वेगळीच भानगड. सर्फेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकजवळ (जॉब चुंबकानं धरणाऱ्या पाटाजवळ) हात नेता ना? हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कितीतरी मिनिटं पुढं पळायला लागतंय. लोक म्हणतात मशीन बिघडलं. मोबाइलमधलं कंपास उघडून घड्याळ जवळ न्या, सुई हलली तर लोहचुंबक शिरलंय, डीमॅग्नेटायझरचा छोटा डबा काहीशे रुपयाला मिळतोय आणि मिनिटभराचं काम आहे. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असेल तर हा त्रास तिला नाही, पण तुमच्या बजेटमध्ये ती असेलच असं नाही.

आणि पाऊस. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार. तीस मीटर लिहिलंय म्हणजे खानापूर-बेळगाव बाइकवर चार महिने भिजवायचं असं नव्हे. ह्या घड्याळांच्या काचा बऱ्याचदा वेगळ्याच आकाराच्या, त्यामुळं वॉशर बाजारातला बसत नाही, काच गोंदानं चिकटवलेली असते. एकदा आत दमट शिरलं की आधी चावीच्या बाजूचे पार्ट गंजतात, मग डायलवर बुरशीचे ठिपके. जून ते सप्टेंबर शॉपला जाताना एचएमटी घाला, हे घरात स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि आठवड्यातनं एकदा चावी देऊन दोन-तीन तास चालू द्या.

तर माझं मत: खाली ओळखीचं मशीन, सुट्टे पार्ट आणि प्लेटचं ड्रॉइंग बरोबर, आणि ड्युटी धरून पैसे पुरतायत, असं असेल तर घ्या, मी अडवणार नाही. ह्यातलं ड्रॉइंग मिळत नसेल तर पार्टचं पाकीट दुप्पट करा. मशीनच त्याचं स्वतःचं असेल आणि मागं कोणी शिकायला नसेल, तर मी ह्या पैशात नाही घेणार. आणि हे साडेतीन लाख म्हणजेच घरातली सगळी शिल्लक असेल तर मग वहिनींना विचारा, मला नको.

त्या कारागिराला ईमेल टाकून आधी मशीनच्या मागच्या बाजूचा आणि डायल काढलेल्या प्लेटचा असे दोन फोटो मागवा. बहुतेक जण आनंदानं पाठवतात. ते इथं टाका, खाली कुठलं मशीन आहे आणि जंपर वायरकटवर निघण्यासारखा आहे का ते बघून सांगतो.